घरातला शिवणकोपरा आणि रोज घालायचे कपडे

मोकळीबाही:

मशीन घेऊन सहा महिने झाले. एवढ्या दिवसांत उशांचे अभ्रे, दोन पिशव्या आणि एका खिडकीचा पडदा, एवढंच शिवून झालं. मला शिवायचेत ते रोजचे कपडे. इलास्टिकचा पायजमा, सैल टॉप, पुढे हात बसला की टीशर्ट. तयार कपड्यांना खिसे नसतात, उंची कधी बरोबर बसत नाही, आणि आवडलेल्या कापडात हवा तो कपडा मिळतच नाही, म्हणून.

अडतंय ते असं. मशीन कपाटात असतं. ते काढायचं, जेवणाच्या टेबलावर मांडायचं, वायर पोचवायची, दोरा ओवायचा. बेतायला जमिनीवर बसायचं. इस्त्री दुसऱ्या खोलीत. हाताशी तासभर असला तर अर्धा तास मांडामांडीत जातो, आणि पुन्हा सगळं आवरायचंय या विचाराने बरेचदा सुरुवातच होत नाही.

वेगळी खोली नाही. झोपायच्या खोलीत खिडकीशेजारी साधारण दीड मीटर भिंत रिकामी करता येईल. तेवढ्यात काय बसवू? काय घ्यायचंच आणि काय उगाच घ्यायचं नाही? आणि पहिला कपडा कोणता?

जुनीपायमशीन:

तुमचं निम्मं उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. मशीन बाहेर काढा आणि पुन्हा कपाटात ठेवू नका. धुळीसाठी एक कापडी खोळ शिवा. सगळ्या सरळ टिपा आहेत, सरावही होईल. दहा मिनिटं मिळाली तरी एक खांदा जोडून होतो, पण मशीन दोरा ओवून तयार असेल तरच.

जागा ठरवताना मात्र मशीनचा विचार शेवटी करा. बेतणं, टिपा मारणं आणि इस्त्री अशा तीन कामांना तीन जागा लागतात. त्यातली इस्त्री बहुतेक जण विसरतात, आणि नेमकी तीच मशीनपासून हाताच्या अंतरावर हवी. प्रत्येक शिवणीनंतर ती दाबली गेली पाहिजे. आधी शिवण आहे तशीच दाबायची म्हणजे टाके कापडात बसतात, मग माया (टिपेबाहेर सोडलेलं कापड) उघडून किंवा एका बाजूला वळवून पुन्हा दाबायची. इस्त्री कापडावर फिरवायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची. फिरवली की तिरपा कापलेला भाग ताणून लांबतो. घरी शिवलेला कपडा "घरी शिवलेला" दिसतो तो बहुतेक वेळा टिपेमुळे नाही, शिवणी न दाबल्यामुळे. दुसऱ्या खोलीत जावं लागलं की माणूस "शेवटी एकदम करू" म्हणतो आणि शेवटी आतल्या शिवणींपर्यंत इस्त्री पोचतच नाही.

यासाठी मोठा इस्त्रीचा टेबल नको. साधारण ४० बाय ६० सेंमीची फळी, तिच्यावर जुन्या सुती चादरीच्या चार घड्या ताणून बसवा. मशीनच्या उजव्या हाताला स्टुलावर ठेवली तर बसल्या जागी काम होतं. इस्त्री सुरू असताना तिची वायर पायात येणार नाही एवढं बघा.

बेतायची जागा उभ्याने काम करता येईल अशी हवी. साधारण ९० सेंमी उंची बऱ्याच जणांना सोयीची पडते. लिहायचं टेबल ७५ सेंमीच्या आसपास असतं, त्यावर वाकून अर्धा तास कापलं की कंबर धरते. तुमच्या भिंतीला बिजागरीची दुमडती फळी लावता आली तर उत्तम. नाही तर आहे त्या टेबलाच्या पायांखाली भक्कम ठोकळे द्या. पलंगावर मात्र बेतू नका. गादी दबते, कापड सरकतं, आणि दोन्ही थर वेगवेगळे कापले जातात.

खिडकी डाव्या हाताला येईल असं मशीन ठेवा, म्हणजे उजव्या हाताची सावली सुईवर पडत नाही. डावखुऱ्या असाल तर उलट. संध्याकाळसाठी मान वळवता येणारा दिवा हवाच. काळ्या कापडावरचा काळा दोरा मशीनच्या छोट्या दिव्यात दिसत नाही.

उभाधागा:

वर जागेबद्दल सगळं आलंय, मी कापडाबद्दल लिहितो.

सुती कापड आणलं की आधी धुवा. पुढे कपडा जसा धुणार आहात तसंच. शेकडा ३ ते ५ आटणं सुती कापडात नेहमीचं आहे. पायजम्याची उंची १०० सेंमी धरली आणि कापड शेकडा ४ आटलं, तर पहिल्या धुण्यात तो ४ सेंमी आखूड होतो. आटतंही बहुतेक उभ्या धाग्यात जास्त, म्हणजे नेमकी उंचीच जाते. शिवाय धुतल्यावर कापडाची खळ निघते आणि ते खरं किती मऊ आहे, कसं पडतं हे कळतं. मला अनेकदा धुतल्यावर कापड बघून शिवायचा कपडाच बदलावा लागलाय.

दुसरं म्हणजे धागा. काठाला समांतर तो उभा धागा, तो सर्वांत कमी ताणला जातो. आडवा थोडा ताणतो. ४५ अंशांत तिरपं धरलं की उरेब, ते सर्वांत जास्त ताणतं. पायजम्याच्या पायाच्या मधोमध वरून खाली जाणारी रेघ उभ्या धाग्याला समांतर हवी. एक टोक काठापासून २० सेंमीवर असेल तर दुसरंही २० सेंमीवरच हवं. हे टेपने मोजायचं, नजरेने नाही. रेघ चुकली तर शिवताना काही कळत नाही, पण चार धुण्यांनंतर पाय फिरतो आणि बाहेरची बाजू पुढे येते. तो दोष नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. म्हणून कात्री लावण्याआधी दोनदा मोजा.

काजंबटण:

काय घ्यायचं: कापडाची कात्री, २० ते २५ सेंमीची, मूठ वर वळलेली. मूठ वळलेली असली की खालचं पातं टेबलाला टेकून चालतं आणि कापड उचललं जात नाही. ती कात्री कागदाला लावायची नाही, घरातल्या कोणालाही लावू द्यायची नाही. टेप, खडू, टाचण्या, टाके उसवायची उसवणी, सुयांची दोन-तीन पाकिटं. बॉबिन (खालचा दोरा गुंडाळायच्या रिळी) जास्तीच्या घ्या, पण तुमच्या मशीनच्या मापाच्याच. दिसायला सारख्या वाटणाऱ्या बॉबिनच्या जाडीत जरासा फरक असतो आणि त्यातून टाके बिघडतात.

ओव्हरलॉक मशीन मात्र घ्या असं मी म्हणेन. रोजचे कपडे वारंवार धुतले जातात, आतल्या कडा सुटल्या की शिवणीपर्यंत उसवत जातं. ओव्हरलॉक कड कापतं आणि त्याच वेळी गुंफतं. काम झटपट होतं.

जुनीपायमशीन:

काजंबटण, सुरुवातीला नको असं मला वाटतं. दीड मीटरात दुसरं मशीन आलं की इस्त्रीची फळी जाते. सुती कापडाला फ्रेंच शिवण (फ्रेंच सीम) घाला. आधी उलट बाजू आत घेऊन, म्हणजे सुलट बाहेर ठेवून, ०.६ सेंमीवर टीप. माया कापून ०.३ सेंमी ठेवा. कापड उलटवा, कड दाबा, आणि ०.९ सेंमीवर दुसरी टीप. पहिली कड आत कायमची बंद होते. दोन्ही मिळून १.५ सेंमी, म्हणजे नेहमीच्या १.५ सेंमी मायेत बरोबर बसते. आतून इतकं स्वच्छ दिसतं की कपडा उलटा करून दाखवावासा वाटतो. वळणावर ही शिवण जड होते, तिथे साधी टीप आणि कडेला झिगझॅग पुरे.

काजंबटण:

सुती कपड्यांना मान्य. होजिअरीचे पाच-सहा टीशर्ट करायचे झाले तर माझं मत कायम.

मोकळीबाही:

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंत रिकामी केली. मशीन खिडकीशी, स्टुलावर फळी, टेबलाला ठोकळे लावले. कापड धुऊन वाळवलं. आज पायजम्याच्या आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर टीप मारून पाहिली, तर वरून ठीक आणि खाली दोऱ्याची जाळी. बॉबिनचं टेन्शन (दोऱ्याचा ताण) घट्ट केलं तरी तेच. अभ्रे शिवताना असं झालं नव्हतं.

जुनीपायमशीन:

बॉबिनचा स्क्रू आधी होता तिथे परत आणा. खाली जाळी दिसली की दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो.

एलियास होवेने १८४६ साली पेटंट घेतलेल्या मशीनपासून मूळ रचना तीच आहे. नेढं सुईच्या टोकाशी, आणि दोरे दोन. सुई खाली जाऊन जराशी वर येते तेव्हा दोऱ्याचा फासा सुटतो. आपल्या मशीनमध्ये शटलचं टोक तो फासा पकडून बॉबिनभोवती फिरवतं. मग वरचा दांडा तो फासा वर ओढून घेतो. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीत बसली की टाका चांगला. वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांत बसलाच नसेल तर त्याला ओढून धरणारं काही राहत नाही, आणि जास्तीचा दोरा खाली साठतो.

दोरा ओवताना फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) वर ठेवा. फूट वर असलं की चकत्या उघडतात आणि दोरा आत बसतो. खाली असेल तर तो चकत्यांच्या वरूनच जातो. पूर्ण दोरा काढून नव्याने ओवा.

सुई कधी बदलली होती?

मोकळीबाही:

मशीनसोबत आली होती तीच आहे.

जुनीपायमशीन:

बदला. साधारण आठ तास शिवून झालं की सुई बदलावी. टोक बोथट झालं की टाके सुटतात, कापड खेचलं जातं. पाकिटावर ९०/१४ असं लिहिलेलं असतं, त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिमी. मध्यम सुतीला ८० किंवा ९०, मलमलीसारख्या पातळला ७०, जीन्सच्या कापडाला १००. सुईला एका बाजूने लांब खाच असते. दोरा ज्या बाजूने येतो तिकडे ती खाच हवी, सपाट बाजू तिच्या विरुद्ध. आणि सुई वर टेकेपर्यंत सारून मगच स्क्रू आवळा.

कापड पुढे नेणाऱ्या दात्यांखाली साठलेला कापडाचा कोंडाही ब्रशने काढा. तुमच्या मशीनला तेल द्यायचं असेल तर मशीनचंच, एक-दोन थेंब. घरातलं दुसरं कोणतंही तेल सुकून चिकट होतं आणि मशीन जड चालतं.

मोकळीबाही:

फूट वर करून ओवलं, सुई बदलली. जाळी गेली! टाक्याची लांबी २.५ मिमी ठेवली आहे.

घडीचीचादर:

मीही वाचतेय, माझंही मशीन आजच बाहेर काढलं. एक भर: टेबलाच्या कडेला चुंबक चिकटवा. सांडलेल्या टाचण्या एका फटक्यात गोळा होतात. मुलं अनवाणी फिरतात त्या घरात फार गरजेचं.

मोकळीबाही:

दोन आठवड्यांनी लिहितेय. पायजमा झाला! जुन्या पायजम्यावरून माप घेतलं. बाहेरच्या बाजूला शिवण न ठेवता प्रत्येक पाय एकसंध कापला, त्यामुळे दोन पायांच्या दोन आतल्या शिवणी आणि आसनाची (दोन पायांमधून पुढून मागे जाणारी) एक, एवढ्या तीनच लांब शिवणी. उभं राहिलं की छान दिसतो. पण बसले की मागून कंबर खाली ओढली जाते आणि मांड्यांना ताण येतो. आसन लहान झालं असं वाटून दोन सेंमी खाली कापलं. बसणं जरा सुधारलं, पण आता जिना चढताना गुडघ्याला कापड अडतं. असं का?

उभाधागा:

फार चांगला प्रश्न आहे, कारण इथे सगळ्यांचीच वाट चुकते. घट्ट वाटलं की आसन खाली घ्यावंसं वाटतं. पण आसन जितकं खाली, तितके दोन्ही पाय एकमेकांना बांधलेले. एक पाय उचलला की तो दुसऱ्या पायाचं कापडही ओढतो. आसन अंगाच्या जवळ असलं की पाय मोकळा उचलता येतो. मुंढ्याचंही, म्हणजे बाही जोडतो त्या वळणाचंही हेच. मुंढा खोल कापला की हात वर करताना सगळा टॉप वर चढतो. सैल हवं म्हणून खाली कापायचं नाही, तिथे रुंदी द्यायची.

तुमचा दोष वेगळा असावा. पुढचा आणि मागचा भाग सारखाच कापलात का? बसल्यावर मागच्या बाजूला कापड जास्त लागतं. म्हणून मागच्या आसनाची रेघ पुढच्यापेक्षा लांब असते. मागे कंबर मधोमध ३-४ सेंमी उंच, आणि आसनाचं टोक मांडीकडे जास्त पुढे आलेलं. जुन्या पायजम्याचा एक पाय दुसऱ्यात घालून सपाट पसरलात तर पुढचं आणि मागचं वळण वेगळं दिसेल. कंबरेचं इलास्टिक पूर्ण ताणून धरून आखायचं, नाही तर वरची रुंदी कमी येते.

आसनाची उंची अंगावरून घेतलेली सर्वांत बरी. कडक खुर्चीवर ताठ बसा आणि कंबरेपासून खुर्चीपर्यंत बाजूने मोजा. २७ सेंमी आलं तर त्यात २-३ सेंमी मोकळीक मिळवा. नेफ्याचं, म्हणजे इलास्टिक घालायच्या पट्टीचं कापड वेगळं.

जुनीपायमशीन:

आणि हा पायजमा टाकून देऊ नका. आसनाची आणि पायांच्या आतल्या शिवणी जिथे मिळतात तिथे थोडं उसवा आणि त्याच कापडाचा पतंगाच्या आकाराचा चौकोन बसवा, बाजू १० सेंमीच्या आसपास. मांड्यांचा ताण जातो आणि जिनाही चढता येतो. आसनाला लगत दुसरी टीप ३ मिमीवर मारा, सर्वांत जास्त ताण तिथेच येतो.

मोकळीबाही:

हो, दोन्ही भाग सारखेच कापले होते! चौकोन बसवला. बसता येतं, चढता येतं. आता नवा कागद आखलाय, मागचा वेगळा. इलास्टिक किती घेऊ? आणि खिसा कुठून सुरू करू?

काजंबटण:

इलास्टिक कंबरेच्या मापापेक्षा साधारण शेकडा १० कमी घ्या. कंबर ८० असेल तर ७२ आणि जोडायला २ सेंमी. पण कापायच्या आधी कंबरेला लावून बसून बघा, प्रत्येक इलास्टिकचा ताण वेगळा. नेफा इलास्टिकच्या रुंदीपेक्षा साधारण १ सेंमी मोठा. आत इलास्टिक पलटी खाऊ नये म्हणून शेवटी दोन्ही बाजूंना एकेक उभी टीप मारून टाका.

बाजूला शिवण नाही म्हणून वरून लावायचा खिसा सोपा. हात सैल लोंबकळू द्या, मनगट येतं तिथे खिशाचं तोंड. हाताच्या पंजापेक्षा ४-५ सेंमी रुंद. तोंडाचे दोन कोपरे फाटतात, तिथे टीप मागे-पुढे करून छोटा त्रिकोण शिवा. जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांनी १८७३ साली पेटंट घेतलं ते याच जागांसाठी, जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचं. आपण दोऱ्याने तेच करायचं.

मोकळीबाही:

दुसरा पायजमा खिशांसकट झाला. रोज घालतेय. टॉप बेतायला घेते. गळ्याला चेन किंवा बटण नकोय, डोक्यातून घालायचा आहे.

जुनीपायमशीन:

मग आधी डोक्याचा घेर मोजा, कपाळावरून. ५६ सेंमी असेल तर शिवून झालेल्या गळ्याचा घेर ५८-६० तरी हवा. गळा सुरुवातीला लहानच कापा. मोठा करता येतो, लहान करता येत नाही. छातीला सैल टॉपसाठी १० ते १५ सेंमी मोकळीक पुरते. त्याहून जास्त घेतलीत तर खांदे उतरतात आणि सैल न दिसता मोठा दिसतो.

गळा कापला की बाकी काही करण्याआधीच त्याच्या कडेजवळ मायेत एक टीप मारून घ्या. गळ्याचं वळण काही ठिकाणी उरेब असतं, नुसतं हातात धरूनही ते लांबतं. कडेला उरेब पट्टी लावा, ३ सेंमी रुंद कापलेली. सरळ पट्टी वळणावर बसत नाही, तिला चुण्या पडतात. पट्टी जोडल्यावर मायेला टिपेपर्यंत बारीक काप द्या, टीप कापू नका, मग आत वळवून दाबा.

मोकळीबाही:

टॉपही झाला, गळा सपाट बसलाय. जे कोणी मशीन कपाटात ठेवून बसलेत त्यांना सांगते, मला शिवणं येत नव्हतं असं नाही, मला मांडामांडीने थकवलं होतं. आता संध्याकाळी वीस मिनिटं बसते आणि उठताना पुढचा तुकडा टाचण्या लावून मशीनशेजारी ठेवते.

टीशर्टचं कापड आणलंय, धुऊन झालं. सुरू करण्याआधी काही?

काजंबटण:

सुई गोल टोकाची घ्या, पाकिटावर जर्सी किंवा बॉलपॉइंट असतं. ती धागा न फोडता बाजूला सारते. साध्या सुईने धागा तुटतो आणि धुतल्यावर भोकं पडतात. टीप अरुंद झिगझॅगची, रुंदी ०.५ ते १ मिमी, लांबी २.५ मिमी. सरळ टीप अंगात घालताना तटकन तुटते. कापड हाताने ओढू नका, मशीनच्या दात्यांना नेऊ द्या. तरीही कड लाटेसारखी झाली तर वाफेची इस्त्री नुसती वर धरून मग दाबा, बरीचशी बसते.

गळ्याची पट्टी कापड जास्त ताणतं त्या दिशेने कापायची आणि गळ्याच्या घेरापेक्षा लहान. गळा ५० सेंमी असेल तर पट्टी ४२-४३, अधिक जोडायची माया. पट्टीचे आणि गळ्याचे चार-चार समान भाग करून टाचण्या लावा, आणि शिवताना फक्त पट्टी ताणा.

उभाधागा:

खांद्याच्या शिवणीत न ताणणारी अरुंद फीत किंवा त्याच कापडाचा काठ सोबत शिवून टाका. नाही तर बाहीच्या वजनाने खांदा महिन्याभरात लांबतो.

मोकळीबाही:

फीत आहे. सुई उद्या आणते, आज कापून ठेवते.